झोन बदलण्याआधी आम्हाला विचारा: गोव्याच्या चाळीस आमदारांना खुले पत्र

पेडणे, जुलै 2025

गोवा विधानसभेच्या सर्व सन्माननीय सदस्यांस,

सविनय नमस्कार.

मी पेडणे तालुक्यातली निवृत्त शिक्षिका. हायस्कुलात भूगोल शिकवत होते. हे पत्र खरं तर नगर आणि ग्रामनियोजन खात्याला लिहायचं होतं. पण जिथे जिथे चौकशी केली तिथे एकच उत्तर मिळालं, ‘आम्ही कायद्याप्रमाणे चालतो.’ कायदा तुम्ही करता, म्हणून पत्र तुम्हाला. 2024 मध्ये नगर आणि ग्रामनियोजन कायद्यात 39-अ हे कलम घातलं गेलं. त्यावेळी कोण बाजूने बोललं आणि कोण विरोधात, यात मला शिरायचं नाही. मंजूर झालेला कायदा सगळ्या सभागृहाचा असतो. पर्वरीत आता पावसाळी अधिवेशन भरतंय, म्हणून आत्ताच लिहिते आहे.

ज्यांना हे कलम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्रादेशिक आराखड्यात (गोव्यातली कुठली जमीन कशासाठी, हे ठरवणाऱ्या नकाशात) किंवा शहरांच्या ओडीपीत, म्हणजे शहर विकासाच्या आराखड्यात, एखादी जमीन शेती, बागायत किंवा निसर्गाच्छादित म्हणून दाखवलेली असेल, तर ती वस्तीच्या किंवा व्यापारी झोनमध्ये घ्या असा अर्ज या कलमाखाली करता येतो. अर्ज आला की राजपत्रात सूचना निघते. तीत गाव, सर्वे नंबर, चौरस मीटर, आजचा झोन आणि मागितलेला झोन एवढी माहिती असते. लोकांनी तीस दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं. मग नगर आणि ग्रामनियोजन मंडळ आणि सरकार ठरवतात. कागदावर पाहिलं तर लोकांना विचारलं गेलं. प्रत्यक्षात हे विचारणं लग्नाची पत्रिका छापून झाल्यावर नवरीला ‘मुलगा पसंत आहे ना?’ म्हणण्यासारखं आहे.

आमच्या शेजारच्या गावातल्या एका डोंगरउताराचा झोन बदलण्याची अशी सूचना निघाली. उतार त्यांच्या हद्दीत, झर आमच्या हद्दीत. सूचनेची बातमी आम्हाला लागली तोवर मुदतीचे बरेच दिवस सरले होते. तीही पणजीत नोकरी करणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याने व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला म्हणून. आमच्या पंचायतीच्या फलकावर काही नव्हतं, कारण जमीन आमच्या पंचायतीची नाही. वाड्यावरच्या काही जणांनी मिळून हरकत लिहिली. मी नकाशा काढून जोडला: उताराचा चढ, पायथ्याची झर, कुळागरं (माड-पोफळीच्या बागा), विहिरी, आणि या सगळ्यातून जाणारा अरुंद रस्ता. एका सरकारी कार्यालयात तो कागद दिला आणि शिक्क्याची पोच घेतली. त्यानंतर ना सुनावणी झाली, ना पत्र आलं. विचारायला गेलं की ‘वर गेलंय’ एवढंच कळतं. अर्ज मंजूर झाला की फेटाळला, आमचं म्हणणं कुणी वाचलं की नाही, वाचलं तर ते चूक वाटलं की बरोबर, यातलं काहीही आम्हाला आजपर्यंत माहीत नाही.

एका डोंगराची ही तक्रार असती तर मी चाळीस आमदारांना त्रास दिला नसता. पण गोव्यात आता शहरं घडतायत ती याच पद्धतीने, एकेका सर्वे नंबरातून, आणि त्यात राहणाऱ्या कुणालाही कुणी काही विचारत नाही.

थोडं मागे जाते. 2006 साली प्रादेशिक आराखडा 2011 अधिसूचित झाला. त्यात डोंगर आणि शेतं कशी वस्तीच्या झोनमध्ये गेली आहेत हे लोकांनी नकाशे उघडून पाहिलं आणि गोवा रस्त्यावर उतरला. 2007 च्या सुरुवातीला सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. पुढच्या आराखड्यासाठी कृती दल नेमलं गेलं. त्यात वास्तुरचनाकार चार्ल्स कुरैया आणि नगरनियोजक एडगर रिबेरो यांच्यासारखी माणसं होती. 2008 मध्ये 2021 च्या आराखड्याचा मसुदा गावागावांत पोचला. गोव्यात तेव्हा एक वेगळी गोष्ट घडली, आणि ती ज्यांनी पाहिली त्यांना अजून आठवते. गावाचा नकाशा देवळाच्या मंडपात आणि पंचायतीच्या सभागृहात पसरला गेला. ज्यांना सही करायची म्हणजे संकट वाटे अशा म्हाताऱ्या कुळांनी त्यावर बोट ठेवून सांगितलं की इथे वायंगण (पावसाळ्यानंतरचं भात) होते, इथे पावसात पाणी साचतं, ही पाणंद सरकारी कागदावर नाही पण आहे. सगळं ऐकलं गेलं असं मी म्हणणार नाही. कित्येक गावांची तक्रार होती की आम्ही सुचवलं एक आणि छापून आलं भलतंच. तरीही सुरुवात बरोबर होती: आधी गाव, मग रेघ.

मग 2012 मध्ये तो आराखडा बासनात गेला, 2018 मध्ये पुन्हा बाहेर आला, आणि त्याच वर्षी कायद्यात झोनबदलाचे अर्ज घेणारं 16-ब हे कलम घुसलं. 2023 मध्ये 17(2) हे कलम आलं. ‘अनवधानाने राहिलेल्या चुका’ दुरुस्त करायच्या नावाखाली झोन बदलले जाऊ लागले. 13 मार्च 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्या कलमाखालचे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वं रद्द केली आणि कलमाचा अर्थही आवळला. तुकड्यातुकड्यांनी बदल करून आराखड्याचा मूळ सांगाडा मोडता येणार नाही, असा त्या निवाड्याचा रोख आहे. तुमच्यापैकी कितीजणांनी तो वाचला आहे, मला ठाऊक नाही. जरूर वाचा. मी वाचला, आणि 39-अ समोर ठेवून वाचला. 16-ब, 17(2), 39-अ. दार तेच, पाटी तेवढी बदलते.

आता तक्रारी सांगते. त्या सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत, म्हणून सारख्या लांबीतही लिहीत नाही.

पहिली आणि सगळ्यात मोठी: अर्ज जमिनीबद्दल विचारतो, शहराबद्दल नाही. वस्ती वाढली की पाणी, गटार, कचरा, रस्ता, शाळा, स्मशान, बसथांबा हे सगळं लागतं. पेडणे तालुक्याला पाणी प्रामुख्याने चांदेलच्या प्रकल्पातून मिळतं, आणि उन्हाळ्यात इथल्या कित्येक वाड्यांवर अजून टँकरची वाट पाहिली जाते. मोपा विमानतळावरून जानेवारी 2023 पासून विमानं उडतायत. धारगळहून तिकडे रुंद जोडरस्ता गेला. महामार्गालगत आणि आतल्या गावांत जमिनीचे भाव काय झालेत हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. विमानतळाला माझा विरोध नाही. मी शिकवलेली मुलंच तिथे गणवेश घालून कामाला जातात. पण एक विमानतळ आला म्हणजे त्याच्याभोवती एक शहर येणार, हे कळायला नियोजनतज्ज्ञ लागत नाही. त्या शहराचा नकाशा कुठे आहे? 2023 मध्ये पेडणे तालुक्याच्या झोनिंग आराखड्याचा मसुदा अचानक समोर आला. आधी कुणाला विचारलं नव्हतं. तालुका पेटून उठला आणि तो गुंडाळावा लागला. त्यावरून सरकारने बहुधा असा धडा घेतला की आख्खा नकाशा दाखवला की लोक भांडतात, म्हणून तो दाखवूच नये. एकेक सर्वे नंबर पुढे करावा. आज पन्नास हजार चौरस मीटर इथे, उद्या वीस हजार तिथे. प्रत्येक अर्ज एकटा पाहिला तर निरुपद्रवी वाटतो. पाच वर्षांनी सगळे एकत्र पाहिले तर ते एक शहर असतं, ज्याचं पाणी कुठून येणार हे कुणी ठरवलेलंच नाही.

आणि हे एका तालुक्याचं नाही. 2011 च्या जनगणनेनुसार गोव्याची 62 टक्के लोकसंख्या शहरी आहे. त्या जनगणनेत गोव्यात 70 शहरं मोजली गेली. त्यातली नगरपालिका आणि महापालिका मिळून 14. बाकीची 56 जनगणनेच्या हिशेबाने शहरं, पण कारभार पंचायतीचा. म्हणजे सात-नऊ पंच, एक सचिव आणि एक कारकून यांनी शहर सांभाळायचं, आणि नियोजनाचा अधिकार मात्र पणजीत. 74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या परिशिष्टात जे विषय नगरपालिकांसाठी घातले, त्यातला पहिलाच विषय शहरी नियोजन आहे आणि दुसरा जमीन वापराचं नियमन. दुरुस्तीला तीस वर्षं उलटली. आमच्या नगरपालिकांच्या हातात त्यातलं काय आलं, हे तुमच्यापैकी जे आधी नगरसेवक होते त्यांनी स्वतःलाच विचारावं.

दुसरी तक्रार पाण्याची आणि उताराची. इथे शिक्षिकेला थोडं बोलू द्या. आमचे सडे, म्हणजे डोंगरमाथ्याची सपाट पठारं, जांभ्याचे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत इथे साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जांभा सच्छिद्र असल्यामुळे ते पाणी सड्यावर मुरतं, हळूहळू खाली उतरतं आणि पायथ्याला झर होऊन बाहेर येतं. एप्रिल-मेमध्ये माड-पोफळींना जे पाणी मिळतं ते आदल्या जुलैचं असतं. सडा म्हणजे आमची टाकी. वरून ती ओसाड दिसते. कुसळी गवत आणि काळा दगड. बाहेरून जमीन पाहायला येणाऱ्याला ती पडीक वाटते, आणि दुर्दैवाने अर्जातही तसंच लिहिलेलं असतं. तिथे उतार कापून काँक्रीट घातलं की दोन गोष्टी होतात. पावसाळ्यात न मुरलेलं पाणी लाल माती घेऊन खालच्या शेतात येतं आणि उन्हाळ्यात झर आटते. नुकसान होतं ते खालच्या माणसाचं, आणि सूचनेत नाव असतं ते वरच्या जमिनीचं. म्हणून ‘संबंधित गाव’ म्हणजे ज्या गावात सर्वे नंबर आहे ते, ही व्याख्याच चुकीची आहे. पाणी पंचायतीची हद्द पाहून वाहत नाही. डोंगर कापायला कलम 17-अ खाली वेगळी परवानगी लागते हे मला माहीत आहे. पण झोन वस्तीचा झाला की ती परवानगी मागणाऱ्याचा हात बळकट होतो, हेही सगळ्यांना माहीत आहे.

तिसरी: सूचना इंग्रजीत. 1987 च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी ही राजभाषा आणि मराठीलाही सरकारी कामकाजात स्थान. आमच्या तालुक्यात घराघरांत मराठी वर्तमानपत्र येतं, देवळातला फलक मराठीत, ग्रामसभेत बोलतात कोकणी आणि इतिवृत्त बहुतेक मराठीत. आणि ज्या कागदाने आमचा डोंगर जाणार तो इंग्रजीत, वर ‘एस-2’, ‘व्हीपी-2’, ‘ईको-1’ अशी अक्षरं आणि आकडे. पदवीधर माणूसही त्यापुढे गप्प बसतो. शेतकऱ्याने तीस दिवसांत त्यावर ‘तांत्रिक’ हरकत लिहावी अशी अपेक्षा आहे.

चौथी: ऐकून घेण्याची सोय नाही. किनारी क्षेत्र व्यवस्थापन आराखड्याच्या वेळी काय झालं ते आठवा. मार्च 2021 मध्ये घाईने जनसुनावणी उरकली गेली, मोठा गोंधळ झाला, राष्ट्रीय हरित लवादाने ती पुन्हा घ्यायला लावली, आणि जुलैमध्ये ती पुन्हा झाली. निदान तिथे लोकांना उभं राहून बोलता आलं. एखादी खाण सुरू करायची असेल तर 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार जनसुनावणी घ्यावी लागते, तिचं चित्रीकरण होतं, लोकांनी काय विचारलं आणि प्रकल्पवाल्याने काय उत्तर दिलं हे इतिवृत्तात लिहावं लागतं. डोंगरावर वसाहत उभी करण्यासाठी झोन बदलायचा तर यातलं काहीच नाही. तेरेखोल ओलांडली की महाराष्ट्र. तिथल्या 1966 च्या कायद्यात शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा जाहीर झाला की हरकती मागवतात आणि नियोजन समितीपुढे हरकत घेणाऱ्याला प्रत्यक्ष म्हणणं मांडता येतं. महाराष्ट्रात सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. तिथेही सुनावण्या उरकल्या जातात आणि मागच्या दाराने फेरबदल होतात. पण 2015 मध्ये मुंबईच्या आराखड्याच्या मसुद्यावर हजारो हरकती पडल्या आणि तो मागे घेऊन नव्याने करावा लागला, हेही तिथेच घडलं. आराखडा पूर्ण समोर होता, म्हणून हरकत पूर्ण आराखड्यावर घेता आली. आमच्यासमोर तो नसतोच.

पाचवी: ग्रामसभेच्या ठरावाला काही किंमत नाही. रविवारी सकाळी कामधाम सोडून लोक येतात, तावातावाने बोलतात, ठराव होतो, सचिव तो लिहितो. झोनबदलाच्या निर्णयात त्या ठरावाला बंधनकारक असं काहीच स्थान नाही. मग पुढच्या ग्रामसभेला लोक कमी येतात, आणि ‘लोकांना रस नाही’ असं तुम्ही म्हणायला मोकळे.

आता तुमच्या बाजूचं जे बोललं जातं त्याबद्दल.

‘हे कलम छोट्या गोंयकारासाठी आहे, त्याला आपल्याच जमिनीत घर बांधता येत नाही.’ या म्हणण्यात तथ्य आहे आणि मी ते टाळणार नाही. माझ्या भाच्याचंच उदाहरण आहे. वडिलोपार्जित भाट (माडांची बागायत), भावांत वाटणी होऊन थोडी जमीन वाट्याला आली, ती बागायत झोनमध्ये. शेतघर बांधायला किमान 4,000 चौरस मीटर जमीन लागते, तेवढी त्याच्याकडे नाही. त्याला घर हवंय आणि मिळायलाच हवं. पण त्यासाठी लागतात दोन-तीनशे चौरस मीटर. त्याच्यासाठी जे दार उघडलं त्यातून हजारो चौरस मीटरचे अर्ज आत येत असतील, तर दाराची रुंदी कुणाला मोजून ठेवली आहे? गावात जन्मलेल्या, दुसरं घर नसलेल्या माणसाला स्वतःच्या घरासाठी ठरावीक मर्यादेपर्यंत परवानगी देणारी वेगळी, सोपी तरतूद करा. त्याला ग्रामसभा स्वतः पाठिंबा देईल. मात्र माझ्या भाच्याचं नाव पुढे करून डोंगर विकायचा हे थांबवा.

‘लोकांना विचारत बसलं तर काहीच होणार नाही.’ 2006 मध्ये लोकांना विचारलं नव्हतं. मग आराखडा गेला, नवा करायला वर्षं गेली. पेडण्याच्या झोनिंग आराखड्यालाही विचारलं नव्हतं, तोही गेला. 17(2) चे नियम न्यायालयात रद्द झाले. न विचारता केलेलं यातलं नक्की काय लवकर झालं, हे मला कुणीतरी दाखवावं.

‘विरोध करणारे ठरलेलेच आहेत, त्यांना विकास नको.’ याला उत्तर देण्यात मी वेळ घालवत नाही.

आमच्या मागण्या साध्या आहेत.

39-अ कायद्यातून काढून टाका. त्यासाठी दुरुस्ती विधेयक लागेल, ते कोण आणतो हे आम्ही पाहू. तोपर्यंत या कलमाखालच्या अर्जांवर निर्णय घेणं थांबवावं, असा ठराव सभागृहाने याच अधिवेशनात करावा.

नवा प्रादेशिक आराखडा सुरू करा. 2021 चा आराखडा 2021 पर्यंतचाच होता. आज आपण 2025 मध्ये आहोत आणि जुन्या नकाशावर ठिगळं लावतो आहोत. यावेळी काम गावापासून आणि प्रभागापासून सुरू होऊ दे. नकाशा आधी पंचायतीत आणि नगरपालिकेत मोठ्या आकारात लागावा. झर, नाले, उतार, वायंगण शेती, खाजन (खाडीकाठची बांध घातलेली शेती), पाणंदी, देवराई हे सगळं लोकांनी त्यावर भरावं. त्या नकाशावर ग्रामसभेची सही व्हावी आणि मगच झोनच्या रेघा ओढाव्यात. ग्रामसभेने भरलेली नोंद शेवटच्या नकाशात बदलायची असेल तर का बदलली हे लिहून ग्रामसभेला कळवावं. 2008 ला जिथे गाडं अडलं ते इथेच, म्हणून ही अट कायद्यातच हवी, परिपत्रकात नको.

जनगणनेने शहर ठरवलेल्या 56 गावांच्या पंचायतींसाठी प्रशिक्षित नगरनियोजक द्या. प्रत्येकीला एक देता येत नसेल तर चार-पाच पंचायतींत मिळून एक द्या. तो पंचायतीला उत्तरदायी असावा, पणजीला नाही. लोकसहभाग म्हणजे नुसतं सभेत बोलणं नाही. समोरचा कागद समजावून सांगणारा माणूस आपल्या बाजूला असणं हा त्याचा अर्धा भाग आहे.

झोन किंवा आराखड्यातला कुठलाही बदल असो, त्याची सूचना मराठीत आणि कोकणीत काढा. ती त्या गावाच्या आणि त्याच पाणलोटातल्या शेजारच्या गावांच्या पंचायत फलकावर लावा. सोबत नकाशा द्या, ज्यावर जवळची झर, विहिरी, उतार आणि रस्त्याची रुंदी दाखवलेली असेल. पाणी, वीज आणि कचरा कुठून येणार व कुठे जाणार याचं संबंधित खात्याचं लेखी उत्तर त्यालाच जोडा. मुदत किमान साठ दिवस ठेवा, आणि ती गणेशचतुर्थीच्या दिवसांत संपणार नाही एवढं बघा.

सुनावणी तालुक्याच्या ठिकाणी, रविवारी आणि चित्रीकरणासह घ्या.

आणि शेवटची मागणी, जिच्यासाठी मी बाकी सगळ्यांवर थोडी तडजोड करायला तयार होईन: प्रत्येक हरकतीला लेखी, कारणासह उत्तर द्या. ‘आपली हरकत मान्य’ किंवा ‘अमान्य, कारण हे.’ चार ओळी पुरेत. उत्तर लिहायचं असलं की हरकत वाचावी लागते. आमच्या कागदावर लिहिलेलं आहे की या झरीवर इतकी कुळागरं अवलंबून आहेत. ते खोटं असेल तर खोटं म्हणा. खरं असेल तर त्या कुळागरांचं काय करणार ते सांगा.

तुमच्यातले काहीजण मतदारसंघात फिरताना आमच्या वाड्यावरही येतात. प्रेमाने बोलतात, चहा घेतात. 2027 ला पुन्हा याल. त्यावेळी कुठल्या पक्षाचा झेंडा गाडीवर आहे हे मी विचारणार नाही. या अधिवेशनात काय केलंत ते विचारेन.

करण्यासारखं काम मी सांगते. कायदा बदलायला वेळ लागतो हे मान्य, पण तारांकित प्रश्न विचारायला लागत नाही. 39-अ खाली आजवर किती अर्ज आले. गावनिहाय किती चौरस मीटर जमिनीचा झोन बदलला. किती हरकती आल्या. त्यातल्या किती जणांचं म्हणणं प्रत्यक्ष ऐकलं गेलं. आणि लोकांच्या हरकतीमुळे किती अर्ज फेटाळले. एवढेच पाच प्रश्न. उत्तर सभागृहाच्या पटलावर आलं की त्याची प्रत काढून आमच्या पुढच्या ग्रामसभेत मी स्वतः वाचून दाखवीन, आणि प्रश्न कोणत्या आमदाराने विचारला होता तेही सांगेन.

आपली नम्र,
पेडणे तालुक्यातील एक मतदार